इंग्रजी शब्दाची जात विचारू नका, काम विचारा

मराठी शाळेत या धड्याचं नाव 'शब्दांच्या जाती' असं असतं, आणि घोटाळा बहुधा त्या नावातच सुरू होतो. जात म्हटलं की ती जन्मानं मिळालेली, न पुसता येणारी अशी आपली समजूत. मग आपण याद्या पाठ करतो: 'बुक' हे नाम, 'वॉटर' हे नाम, 'क्लीन' हे विशेषण. आणि एक दिवस समोर वाक्य येतं, 'प्लीज वॉटर द प्लान्ट्स'. इथे पाणी हे नाम कुठे आहे? इथे तर झाडांना पाणी घालायला सांगितलंय! 'आय बुक्ड अ रूम' या वाक्यात पुस्तकाचा पत्ताच नाही. 'क्लीन द टेबल' मध्ये 'स्वच्छ' नाही, 'स्वच्छ कर' आहे.

शब्द तेच आहेत, त्यांनी जात बदलली का? नाही. त्यांना ती कधी नव्हतीच. 'पार्ट्स ऑफ स्पीच' हा इंग्रजी शब्दप्रयोग लॅटिनमधल्या 'पार्तेस ओरातिओनिस' वरून आला, आणि त्याचा अर्थ 'बोलण्याचे, म्हणजे वाक्याचे भाग' एवढाच आहे. भाग वाक्याचे असतात, त्यामुळे वाक्याबाहेर काढून ठेवलेल्या एकट्या शब्दाला 'तू कोण?' असं विचारण्यात फारसा अर्थ नसतो. वाक्यात बसल्यावर तो कोणतं काम करतोय, हे विचारायचं.

एवढी एक गोष्ट मनात पक्की झाली तर उरलेलं व्याकरण पाठांतराचं न राहता ओळखण्याचं होतं.

आठच का?

शाळेत शब्दांच्या जाती आठ सांगतात. मुळात हा आकडा इंग्रजीचा नाहीच. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या अखेरीस डायोनिसियस थ्रॅक्स यांच्या नावावर असलेल्या ग्रीक व्याकरणात शब्दांचे आठ प्रकार सांगितले आहेत. त्यात विशेषण वेगळं नव्हतं, ते नामातच धरलेलं होतं. उलट 'द' सारख्या उपपदाला मात्र स्वतंत्र जागा होती. पुढे रोमन व्याकरणकारांनी हाच साचा लॅटिनला लावला. लॅटिनमध्ये उपपदंच नाहीत, म्हणजे सात उरायला हवेत. पण त्यांनी उद्गारवाचक शब्दांचा वेगळा प्रकार केला आणि आठचे आठ ठेवले! १५८६ मध्ये विल्यम बुलोकर यांनी इंग्रजीचं पहिलं छापील व्याकरण लिहिलं, तेही लॅटिनच्याच धर्तीवर. विशेषणाला नामापासून वेगळं काढून स्वतःचं घर मिळालं ते नंतर.

आपल्याकडे यास्कांनी निरुक्त या संस्कृत शब्दांच्या व्युत्पत्तीवरच्या प्राचीन ग्रंथात चारच प्रकार मानले होते: नाम, आख्यात (म्हणजे क्रियापद), उपसर्ग आणि निपात (म्हणजे 'च', 'वा' यांसारखी अव्ययं). पाणिनींचं काम तर दोनांत भागलं. एक नामासारखे प्रत्यय घेणारी पदं, दुसरी क्रियापदाचे प्रत्यय घेणारी. मराठीत आज आपण शिकतो ते आठ प्रकार इंग्रजी व्याकरणाच्या वाटेनं आले. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं मराठी व्याकरण १८३६ मध्ये प्रसिद्ध झालं, तेव्हापासून हा साचा आपल्याकडे रुळला. म्हणून तर दोन्ही भाषांच्या याद्या जुळ्या भावंडांसारख्या दिसतात: नाम म्हणजे नाउन, सर्वनाम म्हणजे प्रोनाउन, विशेषण म्हणजे ॲडजेक्टिव्ह, क्रियापद म्हणजे व्हर्ब, क्रियाविशेषण म्हणजे ॲडव्हर्ब, शब्दयोगी अव्यय म्हणजे प्रिपोझिशन, उभयान्वयी अव्यय म्हणजे कन्जंक्शन आणि केवलप्रयोगी अव्यय म्हणजे इंटरजेक्शन.

यादी जुळते, भाषा जुळत नाहीत. खरी गंमत (आणि खरा त्रास) त्या फरकांमध्येच आहे.

मराठी शब्द गणवेशात असतो

'कुत्रा माणसाला चावला' हे वाक्य उलटसुलट करून बघा. 'माणसाला कुत्रा चावला.' 'चावला कुत्रा माणसाला.' चावणारा कुत्राच राहतो, कारण 'माणसाला' मधला 'ला' त्या माणसाला सोडत नाही. आता इंग्रजी घ्या. 'द डॉग बिट द मॅन.' जागा बदलली, 'द मॅन बिट द डॉग', की बातमीच वेगळी!

मराठी शब्द आपलं काम अंगावर घालून फिरतो. त्याचं सामान्यरूप होतं, त्याला प्रत्यय लागतात. 'खाणे' च्या शेवटी 'णे' दिसलं की ते क्रियापद असावं, हे अनोळखी माणसालाही कळतं. इंग्रजीतही एके काळी असंच होतं. सुमारे हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत नामांना विभक्तीचे प्रत्यय होते, विशेषणं लिंगानुसार बदलत होती. पुढच्या काही शतकांत ते प्रत्यय झिजून गेले. अंगावरचा गणवेश गेल्यावर ओळखायचं कशावरून? तर तो कुठल्या खुर्चीवर बसलाय त्यावरून. म्हणून इंग्रजीत जागेला एवढं महत्त्व आहे आणि म्हणूनच तिथे शब्द इतक्या सहज एका कामावरून दुसऱ्या कामावर जातात. 'गूगल' हे एका कंपनीचं नाव. २००६ मध्ये ते क्रियापद म्हणून ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी शब्दकोशात दाखल झालं. काहीही प्रत्यय लावावा लागला नाही, फक्त क्रियापदाच्या खुर्चीवर बसवलं. आपल्याला मात्र 'गूगल करणे' असं म्हणून 'करणे' चा आधार द्यावाच लागतो.

खुर्चीची ताकद किती, हे पाहण्यासाठी एक वाक्य. यातले बरेचसे शब्द मी आत्ताच बनवलेत, त्यांना काही अर्थ नाही.

'द ग्रिबी मॉल्फ स्लंडेड थ्री प्लिम्स ट्रॉस्टली.'

तरीही सांगता येतं: मॉल्फ नावाचं काहीतरी आहे, ते ग्रिबी आहे, त्यानं भूतकाळात स्लंड करण्याची क्रिया केली, ती तीन प्लिमांवर केली आणि ट्रॉस्ट पद्धतीनं केली. 'द' नं नामाची चाहूल दिली, 'एड' नं क्रियापदाची, 'थ्री' आणि 'एस' नं अनेकवचनी नामाची, शेवटच्या 'ली' नं क्रियाविशेषणाची. अर्थ शून्य, तरी प्रत्येकाचं काम स्पष्ट. 'नाम म्हणजे व्यक्ती, वस्तू किंवा स्थळाचं नाव' ही पाठ केलेली व्याख्या इथे काहीच मदत करत नाही. तसंही 'हॅपिनेस' ही कुठली वस्तू? 'अरायव्हल' म्हणजे येण्याची क्रियाच, पण आहे नाम. व्याख्येपेक्षा कसोट्या बऱ्या.

नाम: मोजायचं की नाही

कसोटी सोपी आहे. शब्दाच्या आधी 'द' किंवा 'माय' लावून बघायचं, अनेकवचन होतंय का बघायचं. 'द वॉक वॉज लाँग' मध्ये 'वॉक' नाम आहे; 'आय वॉक डेली' मध्ये त्याआधी 'द' लावून बघा, वाक्य मोडतं.

नाम ओळखणं मराठी माणसाला जड जात नाही. जड जातं ते मोजणं, कारण काय मोजता येतं याबद्दल दोन्ही भाषांची मतं वेगळी आहेत. 'माहिती' चं अनेकवचन आपणही करत नाही, त्यामुळे 'इन्फर्मेशन' ला 'एस' लागत नाही हे चटकन पटतं. पण सल्ला आपण मोजतो. 'त्यानं मला दोन सल्ले दिले' यात काहीच खटकत नाही. 'ॲडव्हाइस' मात्र मोजता येत नाही, तिथे 'टू पीसेस ऑफ ॲडव्हाइस' म्हणावं लागतं. बातमीचंही तेच. बातम्या चार असतात, 'न्यूज' च्या शेवटी 'एस' दिसत असूनही ते एकवचनी: 'द न्यूज इज गुड'.

केस ही तर मजाच आहे. आपले 'केस पांढरे झाले' अनेकवचनात, इंग्रजीत अख्ख्या डोक्यावरचे केस मिळून 'हेअर' एकवचनी, 'माय हेअर इज ग्रे'. 'हेअर्स' म्हणालात तर एकेक केस चिमटीत धरून मोजल्यासारखं होतं. उलट चष्मा आणि कात्री आपल्याकडे एकेकटे, तिकडे 'ग्लासेस' आणि 'सिझर्स' कायम अनेकवचनी, कारण त्यांना दोन काचा आणि दोन पाती दिसतात. यात तर्क शोधत बसू नये. नाम शिकतानाच ते मोजायचं की नाही हेही शिकून घ्यावं.

आता एक गोष्ट, जी आठ प्रकारांच्या धड्यात सहसा सांगितली जात नाही. मराठीत भावना आणि शरीराच्या अवस्था ही नामं असतात आणि ती आपल्याकडे चालत येतात. मला भूक *लागते*, राग *येतो*, भीती *वाटते*, कंटाळा *येतो*. वाक्याचा कर्ता भूक आहे. म्हणून तर 'भूक लागली' आणि 'राग आला' असं क्रियापदाचं लिंग बदलतं. मी बिचारा 'मला' होऊन बाजूला उभा. इंग्रजीत तेच सगळं विशेषण होऊन माणसाला चिकटतं: 'आय ॲम हंग्री', 'आय ॲम अँग्री', 'आय ॲम अफ्रेड', 'आय ॲम बोअर्ड'. म्हणजे भाषांतर करताना शब्दाला शब्द ठेवून चालत नाही, खुर्च्याच बदलाव्या लागतात. हे लक्षात आलं नाही की 'आय ॲम बोअरिंग' असं वाक्य तोंडातून जातं, आणि त्याचा अर्थ 'मला कंटाळा आलाय' असा न होता 'मी कंटाळवाणा आहे' असा होतो!

सर्वनाम आणि रिकामी न राहणारी खुर्ची

आपण 'आलो', 'जेवलो', 'झोपतो' म्हणून मोकळे होतो. कर्ता क्रियापदाच्या पोटात असतो. इंग्रजीत कर्त्याची खुर्ची रिकामी ठेवलेली चालत नाही, कोणीतरी बसवावाच लागतो. कोणी नसेल तर 'इट' बसतो. 'इट इज रेनिंग' मध्ये 'इट' म्हणजे कोण? कोणीच नाही. तो नुसता जागा धरून बसलाय.

'तू', 'तुम्ही' आणि 'आपण' या तिन्हींना इंग्रजीत एकच 'यू'. ऐकणाऱ्याला धरणारं 'आपण' आणि वगळणारं 'आम्ही', दोन्हींना एकच 'वी'. शिवाय आपल्याला आदरार्थी अनेकवचनाची सवय: 'माझे वडील शिक्षक आहेत'. ती सवय थेट उतरली की 'माय फादर आर अ टीचर' असं होतं. इंग्रजीत आदर क्रियापदातून दाखवत नाहीत, तिथे 'इज' च हवं.

नवे शब्द नामांत आणि क्रियापदांत रोज भरती होतात, सर्वनामांची वस्ती मात्र जवळपास बंद. तरी तिथेही कधीतरी कोणी शिरतो. 'दे' हे सर्वनाम मूळचं इंग्रजी नाहीच, हजारेक वर्षांपूर्वी स्कँडिनेव्हियातून आलेल्या लोकांच्या भाषेतून ते घेतलं. हल्ली तेच 'दे' एका व्यक्तीसाठीही वापरतात, लिंग माहीत नसेल किंवा सांगायचं नसेल तेव्हा. काहींना ते नवं फॅड वाटतं. पण 'समवन लेफ्ट देअर अम्ब्रेला' असं लोक कित्येक शतकांपासून म्हणत आलेत.

क्रियापद

सगळ्यात भरवशाची कसोटी इथे आहे: वाक्यात 'काल' घाला. जो शब्द बदलेल तो क्रियापद. 'दे प्लान्ट ट्रीज' चं 'यस्टर्डे दे प्लान्टेड ट्रीज' होतं. बदल 'प्लान्ट' मध्ये झाला, 'ट्रीज' जागच्या जागी. काही शब्द मुद्दाम त्रास देतात, 'कट' आणि 'पुट' चा भूतकाळ 'कट' आणि 'पुट' च. पण ते थोडे.

'एक वाक्य, एक क्रियापद' या हिशेबानं चालणाऱ्याला साहाय्यक क्रियापदं गोंधळवतात. 'शी मस्ट हॅव बीन स्लीपिंग' यात चार शब्द मिळून एकच काम करतात. आपल्या 'झोपली असली पाहिजे' मध्येही तेच आहे, फक्त रांग उलटी.

'स्लीपिंग' वरून आठवलं. या 'आयएनजी' वाल्या रूपाइतका खुर्चीचा नियम कोणीच स्पष्ट करत नाही. 'स्लीपिंग इज इझी' म्हणजे झोपणं सोपं आहे, इथे ते नामाचं काम करतंय. 'द बेबी इज स्लीपिंग' म्हणजे बाळ झोपलंय, इथे क्रियापदाचं. 'डोन्ट वेक अ स्लीपिंग बेबी' म्हणजे झोपलेल्या बाळाला उठवू नका, इथे विशेषणाचं. मराठीला तीन रूपं लागली: झोपणं, झोपलंय, झोपलेलं. इंग्रजीनं एकाच रूपाला तीन खुर्च्या दिल्या. आणि 'स्लीपिंग बॅग'? ती पिशवी झोपलेली नसते, झोपण्यासाठी असते. म्हणजे तिथे पुन्हा नाम, पण दुसऱ्या नामाच्या मदतीला बसवलेलं.

कधी कधी खुर्ची बदलली की उच्चारही सरकतो. 'रेकॉर्ड' हे नाम असताना जोर पहिल्या भागावर, क्रियापद असताना दुसऱ्यावर. 'प्रेझेंट' आणि 'ऑब्जेक्ट' यांचंही तसंच. आपण मराठी बोलताना हे शब्द बहुधा नाम म्हणूनच उचललेत, त्यामुळे क्रियापदाचा तो दुसरा उच्चार अनेकांच्या कानावरूनच गेलेला नसतो.

विशेषण आणि क्रियाविशेषण: इथे जरा थांबू

इंग्रजी विशेषण आपल्यासाठी वरदान आहे. चांगला मुलगा, चांगली मुलगी, चांगलं मूल, चांगली मुलं. तिकडे सगळ्यांना एकच 'गुड'. काही बदलत नाही. विशेषण ओळखायला त्याआधी 'व्हेरी' लावून बघावं. 'व्हेरी टॉल' चालतं. 'स्कूल बस' मधलं 'स्कूल' विशेषणासारखं वागतं, पण 'व्हेरी स्कूल बस' म्हणता येत नाही, कारण ते मुळात नाम आहे, दुसऱ्या नामाचं वर्णन करायला पुढे बसलंय. असं पुढे बसलेलं नाम सहसा एकवचनीच राहतं. मुलगा 'टेन यिअर्स ओल्ड' असतो, पण 'अ टेन-यिअर-ओल्ड बॉय' म्हणताना 'एस' गळतो.

वरदानाची किंमत क्रियाविशेषणात मोजावी लागते. आपण म्हणतो 'तो चांगला गातो', 'ती चांगली गाते'. गाण्याच्या क्रियेचं वर्णन करताना आपण विशेषणाचंच रूप वापरतो, आणि ते कर्त्याबरोबर बदलतंही. त्यामुळे 'शी सिंग्ज गुड' हे आपल्या तोंडी अगदी आपसूक येतं. प्रमाण इंग्रजीत तिथे 'वेल' हवं.

मग उत्साहाच्या भरात माणूस क्रियापदानंतर दिसेल त्याला 'ली' लावू लागतो, आणि 'द फ्लॉवर स्मेल्स स्वीटली' लिहून बसतो. इथे फुलाचं वर्णन आहे, वास घेण्याच्या क्रियेचं नाही, म्हणून 'स्वीट'. कसोटी अशी: क्रियापद काढून त्या जागी 'इज' घालून बघा. 'द फ्लॉवर इज स्वीट' जमतंय ना? मग विशेषण ठेवा. 'ही लुक्ड अँग्री' म्हणजे तो रागावलेला दिसत होता, 'ही लुक्ड ॲट मी अँग्रीली' म्हणजे त्यानं माझ्याकडे रागानं पाहिलं. पहिल्यात 'लुक' म्हणजे दिसणं, दुसऱ्यात पाहणं.

'ली' वर फार विसंबूही नये. 'फ्रेंडली', 'लोनली', 'अग्ली' ही विशेषणं आहेत. 'फास्ट' ला 'ली' लागतच नाही. आणि 'हार्ड' ला लावलं तर अर्थ उलटा होतो: 'ही वर्क्स हार्ड' म्हणजे तो खूप काम करतो, 'ही हार्डली वर्क्स' म्हणजे तो जेमतेमच काम करतो! नोकरीच्या अर्जात यातलं दुसरं वाक्य लिहून पाठवलं तर पुढे काय होईल ते सांगायला नको.

खरं सांगायचं तर क्रियाविशेषण हा प्रकार म्हणजे घरातला माळा आहे. जे कुठे बसलं नाही ते तिथे टाकलं. 'स्लोली', 'यस्टर्डे', 'नॉट', 'व्हेरी', 'परहॅप्स' या पाच शब्दांमध्ये साम्य शोधायला गेलात तर हाती फार काही लागत नाही. व्याकरणकारांनाही हे माहीत आहे.

'अ' आणि 'द'

हे दोघे जुन्या आठांच्या यादीत विशेषणांत कोंबलेले असतात. आजची व्याकरणं त्यांना, 'धिस', 'माय', 'सम', 'एव्हरी' यांच्यासह, 'डिटर्मिनर' असा वेगळा गट देतात, आणि ते योग्यच आहे. कारण 'व्हेरी' ची कसोटी त्यांना लागू होत नाही आणि एका नामाआधी त्यातला सहसा एकच बसतो. 'द माय बुक' कोणी म्हणत नाही.

मराठीत उपपदं नाहीत असं म्हणतात, पण त्यांचं काम आपण करतोच. 'एक राजा होता. त्या राजाला एक मुलगी होती.' पहिल्यांदा भेटला तेव्हा 'एक', ओळख झाल्यावर 'त्या'. इंग्रजीत 'अ किंग' आणि मग 'द किंग'. फरक इतकाच की आपल्याला हे शब्द गाळता येतात, त्यांना येत नाहीत. 'अ' की 'ॲन' हे अक्षरावर न ठरता उच्चारावर ठरतं. 'अवर' चं स्पेलिंग 'एच' नं सुरू होतं, पण उच्चार स्वरानं, म्हणून 'ॲन अवर'. 'युनिव्हर्सिटी' चं पहिलं अक्षर 'यू' हा स्वर, पण उच्चारात सुरुवातीला 'य', म्हणून 'अ युनिव्हर्सिटी'.

आधी की मागून

शब्दयोगी अव्यय मागून चिकटतं: टेबलाखाली, घराजवळ. प्रिपोझिशन आधी आणि सुटं बसतं: 'अंडर द टेबल', 'निअर द हाउस'. नावातल्या 'प्रि' चा अर्थच आधी.

एक साम्य मात्र उपयोगाचं आहे. 'वर' किंवा 'मध्ये' लागलं की मराठी शब्द वाकतो. 'मी' चं 'माझ्यामध्ये' होतं, 'मीमध्ये' होत नाही. इंग्रजीत नामं वाकत नाहीत, सर्वनामं मात्र वाकतात. म्हणून 'बिटवीन यू अँड मी'. तिथे 'बिटवीन यू अँड आय' म्हणणं जास्त सुसंस्कृत वाटतं खरं, इंग्रजी मातृभाषा असलेलेही कित्येकजण तसं म्हणतात, पण व्याकरणाच्या पुस्तकाप्रमाणे ते 'तुझ्यामध्ये आणि मीमध्ये' म्हणण्यासारखं आहे.

कोणत्या क्रियापदापुढे कोणतं प्रिपोझिशन, याला सवयीशिवाय औषध नाही. 'त्याविषयी चर्चा करू' मधला 'विषयी' आपल्याला 'डिस्कस अबाउट' कडे नेतो. 'डिस्कस' ला पुढे काहीच लागत नाही. 'हिच्याशी लग्न' मधला 'शी' नेतो 'मॅरिड विथ' कडे. हवं असतं 'मॅरिड टू'.

'टू' बद्दल एक वेगळी सूचना. तो कधी क्रियापदाच्या मूळ रूपाआधीची खूण असतो, 'आय वॉन्ट टू मीट यू', आणि कधी खरंखुरं प्रिपोझिशन. ईमेलच्या शेवटी 'लुकिंग फॉरवर्ड टू मीट यू' असं सर्रास लिहिलेलं दिसतं. त्या 'टू' पुढे नाम घालून बघा: 'लुकिंग फॉरवर्ड टू द हॉलिडे' छान बसतं. म्हणजे ते प्रिपोझिशन आहे, म्हणजे त्यापुढची खुर्ची नामाची आहे, म्हणजे 'मीट' ला नाम होऊन यावं लागेल: 'लुकिंग फॉरवर्ड टू मीटिंग यू'.

जोडणारे, आणि जोडल्यासारखे वाटणारे

'अँड', 'बट', 'ऑर' यांच्याबद्दल सांगण्यासारखं फार नाही. गुंता 'ऑलदो' चा. आपल्याकडे 'जरी' आला की 'तरी' येणारच. 'जरी पाऊस होता तरी आम्ही गेलो.' इंग्रजीत जोडीतला एकच पुरतो. 'ऑलदो इट वॉज रेनिंग, वी वेन्ट.' मध्ये 'बट' घातला तर एका दाराला दोन कुलपं.

'बिकॉज' आणि 'बिकॉज ऑफ', 'ऑलदो' आणि 'डिस्पाइट' या जोड्या अर्थानं सख्ख्या बहिणी आहेत, कामानं नाहीत. पहिल्यापुढे कर्ता-क्रियापद असलेलं वाक्य येतं, कारण ते कन्जंक्शन. दुसऱ्यापुढे नाम, कारण ते प्रिपोझिशन. 'ऑलदो इट रेन्ड', पण 'डिस्पाइट द रेन'. आणि 'हाउएव्हर' चा अर्थ 'पण' असला तरी ते उभयान्वयी नाहीच, क्रियाविशेषण आहे. दोन वाक्यं जोडायची ताकद त्याच्यात नाही, म्हणून त्याआधी नुसता स्वल्पविराम देऊन भागत नाही, पूर्णविराम किंवा अर्धविराम लागतो.

राहिलं केवलप्रयोगी: 'ओह', 'अलास', 'वाव'. ते वाक्याच्या बाहेर उभं राहून ओरडतं, त्याला खुर्चीच नाही. पुढे जाऊ.

एकाच शब्दाच्या मागे लागून बघा

सराव करायचा तर आठ प्रकारांचे शंभर शब्द घेण्यापेक्षा एकच शब्द घेऊन तो कुठे कुठे बसतो ते बघावं. मला त्यासाठी 'लाइक' आवडतो. 'आय लाइक इट' मध्ये क्रियापद, 'काल' घातलं की 'लाइक्ड' होतं. 'ही स्विम्स लाइक अ फिश' मध्ये प्रिपोझिशन, पुढे नाम आहे. 'द पोस्ट गॉट फिफ्टी लाइक्स' मध्ये नाम, अनेकवचन झालंय. 'लाइक आय सेड' मध्ये पुढे कर्ता-क्रियापद आलं, म्हणजे कन्जंक्शन. जुन्या वळणाचे शिक्षक इथे 'ॲज' लिहायला लावतात, बोलताना मात्र 'लाइक' च चालतो. आणि तरुण मुलं दर दोन शब्दांनंतर जो 'लाइक' पेरतात, त्याला आठांपैकी कुठल्या खुर्चीवर बसवायचं यावर खुशाल वाद घाला.

'लाइक' झाला की 'बॅक', 'राउंड', 'लाइट', 'वेल' घ्या. 'वेल' मध्ये तर एक विहीरसुद्धा आहे. प्रत्येकासाठी आधी स्वतः वाक्यं बनवा आणि मग शब्दकोश उघडा. तिथे शब्दापुढे बारीक अक्षरांत नाउन, व्हर्ब, ॲडजेक्टिव्ह यांची संक्षिप्त रूपं छापलेली असतात, जी आपण आजवर न वाचता थेट अर्थावर जात होतो. त्या प्रत्येक संक्षिप्त रूपाखाली अर्थ वेगळा असतो. आपल्या वाक्यातली खुर्ची कोणती हे आधी ठरवलं, तरच त्यातला कुठला अर्थ वाचायचा ते कळतं.